चामड्याचे म्यान बनवणाऱ्या कारागिरांनी कोणत्या योजनेत नाव नोंदवावे? कर्ज कधी घ्यावे?

तुम्ही सुरीचे, कोयत्याचे, खुकरीचे किंवा किरपाणीचे चामड्याचे म्यान हाताने बनवता का? मग सेवा केंद्रावर अर्ज भरताना तुम्हाला एक अडचण येऊ शकते. अर्जात व्यवसाय निवडावा लागतो आणि व्यवसायांच्या यादीत म्यान बनवणाऱ्याचे वेगळे नाव नाही. अशा वेळी घाईत कोणताही जवळचा पर्याय निवडला जातो. पुढे पडताळणीत प्रश्न निघतात, किंवा प्रशिक्षण आणि अवजारे भलत्याच कामाची मिळतात. म्हणून अर्जाआधी विचार कशाचा करायचा, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

• पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात चर्मकार, लोहार आणि शस्त्र बनवणारे कारागीर आहेत. फक्त म्यान बनवणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख नाही.
• चामड्याच्या इतर वस्तू बनवणाऱ्या कारागिरांसाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे ‘पहचान’ कारागीर ओळखपत्र हा दुसरा मार्ग आहे.
• विश्वकर्मा योजनेतले कर्ज घेणे सक्तीचे नाही. प्रशिक्षण आणि अवजारांची मदत कर्जाशिवायही घेता येते.
• २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार चामड्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. चामडे घेताना हा फरक बिलात दिसतो का ते पाहा.

विश्वकर्मा योजनेत तुमचे काम बसते का?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. २०२७-२८ पर्यंतच्या कालावधीसाठी तिला १३,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ही योजना जातीवर आधारलेली नाही, कामावर आधारलेली आहे. हाताने आणि साध्या अवजारांनी, स्वतःच्या जिवावर, पारंपरिक व्यवसाय करणारी १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. नोंदणीच्या दिवशी ती व्यक्ती तो व्यवसाय करत असली पाहिजे.

तुमचे काम तीनपैकी कोणत्या प्रकारात येते ते पाहा.

पहिला प्रकार: तुम्ही चपला-बूट बनवता किंवा दुरुस्त करता, आणि त्याच अवजारांनी म्यानेही शिवता. तुम्ही ‘चर्मकार’ या व्यवसायात अर्ज करू शकता. मुख्य काम पादत्राणांचे आहे हे पडताळणीच्या वेळी दाखवता आले पाहिजे. दुकानाचा किंवा कामाच्या जागेचा फोटो आणि चालू कामाचे नमुने जवळ ठेवा.

दुसरा प्रकार: तुम्ही पाते स्वतः घडवता आणि त्याला म्यानही स्वतःच करता. तुमचा मूळ व्यवसाय लोहाराचा किंवा शस्त्र बनवणाऱ्याचा आहे. म्यान हा त्या कामाचा शेवटचा टप्पा झाला. अर्जात मूळ व्यवसायच लिहा.

तिसरा प्रकार: तुम्ही फक्त म्याने, पट्टे, पाकिटे अशा वस्तू करता. पादत्राणे करत नाही, पातेही घडवत नाही. हे काम १८ व्यवसायांत सरळ बसत नाही. ‘चर्मकार लिहा, कोण विचारतंय’ असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. अर्जाची पडताळणी तीन टप्प्यांत होते: आधी ग्रामपंचायत किंवा नागरी स्थानिक संस्था, मग जिल्हा समिती आणि शेवटी छाननी समिती. चुकीचा व्यवसाय लिहिल्यास अर्ज अडकू शकतो. तो मंजूर झाला तरी प्रशिक्षण आणि अवजारे नोंदवलेल्या व्यवसायाप्रमाणे मिळतात. म्यानाला लागणारे त्यात असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट अर्जाआधी विचारा. या योजनेचे उद्दिष्ट पाच वर्षांत ३० लाख कारागिरांचे होते आणि २०२५ मध्येच नोंदणी त्या आकड्याच्या आसपास पोहोचली. त्यामुळे तुमच्या भागात तुमच्या व्यवसायासाठी नवी नोंदणी सुरू आहे का, हे सामायिक सेवा केंद्रात किंवा १८००२६७७७७७ आणि १७९२३ या मदत क्रमांकांवर आधी विचारा. नंतरच कागदपत्रे जमवायला लागा. नोंदणी मोफत आहे. ‘नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही सांगू नका.

फक्त म्याने करणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग

वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडून हस्तकला कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र दिले जाते. तिथल्या हस्तकलांच्या यादीत चामड्याची पादत्राणे आणि चामड्याच्या इतर वस्तू असे वेगवेगळे गट आहेत. म्यान ही साहजिकच ‘इतर वस्तू’ आहे. त्यामुळे तिसऱ्या प्रकारातल्या कारागिराने आधी या ओळखपत्राची चौकशी करावी. जवळच्या हस्तकला सेवा केंद्रात तुमच्या हातचे दोन-तीन नमुने घेऊन जा.

या ओळखपत्राने खात्यात लगेच पैसे येत नाहीत. त्याचा उपयोग वेगळा आहे. गांधी शिल्प बाजारसारख्या सरकारी मेळाव्यांत जागेसाठी अर्ज करताना, हस्तकलेच्या प्रशिक्षणासाठी आणि बँकेत आपण कारागीर आहोत हे दाखवताना ते कामी येते. म्यानासारख्या वस्तूला मेळाव्यातला ग्राहक महत्त्वाचा असतो, कारण ही रोज विकली जाणारी वस्तू नाही.

विश्वकर्मा योजनेत काय मिळते?

• प्रमाणपत्र आणि ओळखपत्र.
• ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण. पुढे हवे असल्यास १५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाचे प्रगत प्रशिक्षण. दोन्ही काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन.
• अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, ई-व्हाउचरच्या स्वरूपात.
• तारणाशिवाय कर्ज: पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंत, फेड १८ महिन्यांत. दुसरा टप्पा २ लाख रुपयांपर्यंत, फेड ३० महिन्यांत. कारागिराला व्याज ५ टक्के. त्यावरचा ८ टक्क्यांपर्यंतचा व्याजभार केंद्र सरकार उचलते.
• डिजिटल व्यवहारामागे १ रुपया, महिन्याला जास्तीत जास्त १०० व्यवहारांसाठी.

दोन अटी घरात बसून नीट वाचा.

पहिली अट: एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. अनेक घरांत चामडे कापतो एक आणि शिवण-रंग करते दुसरी. अर्ज मात्र सवयीने घरातल्या पुरुषाच्या नावावर जातो. नाव एकदा नोंदले की प्रशिक्षण, अवजारे आणि कर्ज त्याच नावावर राहते. म्हणून हे काम प्रत्यक्षात कोण जास्त करते, पुढे कोण करत राहणार आहे आणि शिकायची इच्छा कोणाची आहे, हे आधी घरात ठरवा. शिवण आणि रंग बाईच्या हातचे असतील, तर तिचे नाव पुढे करण्यात काहीच गैर नाही.

दुसरी अट: मागच्या ५ वर्षांत स्वयंरोजगारासाठी पीएमईजीपीसारख्या सरकारी योजनेतून कर्ज घेतलेले नसावे. मुद्रा किंवा पीएम स्वनिधीचे कर्ज घेऊन पूर्ण फेडले असेल तर अडचण नाही. घरातली व्यक्ती सरकारी नोकरीत असल्यास तिला आणि तिच्या कुटुंबाला लाभ मिळत नाही.

कर्ज घेण्याआधी हा हिशेब करा

१ लाख रुपये ५ टक्के व्याजाने १८ महिन्यांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ५,७८० रुपये येतो. दीड वर्षात एकूण व्याज सुमारे ४,००० रुपये होते. शेकडा ३ रुपये महिना घेणारा सावकार याच रकमेवर पहिल्या महिन्यातच ३,००० रुपये घेतो. त्यामुळे हे कर्ज स्वस्त आहे यात शंका नाही.

तरी स्वस्त कर्जाचाही हप्ता महिन्याला भरावाच लागतो. समजा, एक म्यान तुम्ही ४५० रुपयांना विकता. चामडे, दोरा, गोंद, रंग, बटण धरून त्याला १८० रुपये लागतात. हातात राहतात २७० रुपये. ५,७८० रुपयांच्या हप्त्यासाठी महिन्याला २२ म्याने विकली गेली पाहिजेत. त्यातून फक्त हप्ता सुटेल. घरखर्चाची विक्री त्याच्या वर हवी. हे आकडे समजण्यापुरते आहेत. त्यांच्या जागी तुमचा भाव आणि तुमचा खर्च घाला.

मागच्या सहा महिन्यांत तुमची खरी विक्री किती झाली ते वहीत लिहून काढा. ती हप्त्याला पुरत नसेल, तर पूर्ण १ लाख घेण्याची घाई करू नका. ही मर्यादा ‘पर्यंत’ची आहे, त्याहून कमीही घेता येते. ३०-४० हजारांचे चांगले चामडे एकदम घेऊन खरेदीचा भाव कमी होत असेल, तर तेवढेच कर्ज उपयोगाचे. हाताने शिवलेले म्यान म्हणून भाव मिळत असताना कर्ज काढून मोठे शिलाई यंत्र घ्यावे का, याचाही विचार करा. पहिल्या कर्जाचे हप्ते वेळेवर गेले, खाते नियमित राहिले आणि तुम्ही डिजिटल व्यवहार केले किंवा प्रगत प्रशिक्षण घेतले, तरच दुसऱ्या टप्प्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून पहिले कर्ज झेपेल एवढेच असावे.

जीएसटी कमी झाल्याचा तुम्हाला काय फायदा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून फिनिश केलेल्या तयार चामड्यावरचा आणि चामड्याच्या मजुरीकामावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मोठा कारखाना खरेदीवर भरलेला कर पुढे वळता करून घेतो. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तुम्हाला तसे करता येत नाही. खरेदीवरचा कर तुमच्या खर्चात कायमचा जमा होतो. म्हणून ही कपात छोट्या कारागिराला थेट लागू पडते. १०,००० रुपयांच्या चामड्यावर पूर्वी १,२०० रुपये कर होता, आता ५०० रुपये. वाचले ७०० रुपये, पण दुकानदाराने मूळ भाव वाढवला नसेल तरच. जुने बिल आणि नवे बिल शेजारी ठेवून पाहा. बिल मागायची सवय लावा. पुढे बँकेत हीच बिले तुमच्या धंद्याचा पुरावा होतात.

भाव मिळतो तो कामाच्या टिकाऊपणाला

योजनेच्या प्रशिक्षणाला बसाल तेव्हा काय विचारायचे, हे आधी माहीत असले तर त्या दिवसांचा उपयोग होतो. म्यानाच्या कामात चार जागी वस्तू फसते: चामडे, शिवण, आकार आणि रंग.

चामडे. म्यानासाठी झाडाच्या सालीत, म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशा पदार्थांत कमावलेले चामडे घ्या. ते ओले करून दाबले की आकार धरते आणि वाळल्यावर कडक राहते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि स्वस्त असते, पण ते आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांमुळे साध्या पोलादाच्या पात्याला गंज लवकर चढतो. साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडी मोठ्या सुरीला पुरते.

शिवण. पात्याची धार जिथे येते तिथे दोन चामड्यांच्या मध्ये चामड्याचीच एक पट्टी घाला. ही पट्टी नसेल तर धार थेट दोऱ्यावर घासते, काही दिवसांत शिवण कापली जाते आणि पाते हाताला लागते. म्यान विकत घेणारा स्वतःची बोटे तुमच्या शिवणीच्या भरवशावर सोडतो. आरीने सारख्या अंतरावर भोके पाडा. मेण लावलेला दोरा आणि दोन सुया घ्या, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका काढा. असा एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही.

आकार. चामडे कोमट पाण्यात थोडे भिजवा. पाते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, बोटांनी किंवा लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने मुठीभोवती दाबा. सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेले चामडे आक्रसते आणि तडकते.

रंग. तक्रारी सर्वात जास्त इथे येतात, कारण रंग सुटला की ग्राहकाचा कपडा खराब होतो. चामड्यावर तेल, गोंद किंवा बोटांचे डाग असतील तिथे रंग धरत नाही, म्हणून आधी ओल्या कापडाने पुसून कोरडे करा. एक दाट हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर द्या. दोरा पांढरा ठेवायचा असेल तर रंग शिवणीआधी द्या, पण जिथे गोंद लावायचा तो काठ कोरा सोडा. म्यानाच्या आतल्या बाजूला रंग देऊ नका. रंग वाळल्यावर कोरड्या कापडाने चोळून जास्तीचा रंग काढा, मग मेणाचा हात द्या. शेवटी पांढरे ओले कापड दहा वेळा घासून पाहा. कापड रंगले तर ते म्यान अजून विकायला तयार नाही.

काळ्या रंगासाठी एक जुनी रीत आजही उपयोगी आहे. लोखंडाचा कीस किंवा गंजके खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवतात. ते पाणी गाळून सालीत कमावलेल्या चामड्यावर फिरवले की चामडे काळे पडते. सालीतले टॅनिन आणि लोखंड एकत्र येऊन हा काळा रंग चामड्यातच तयार होतो, त्यामुळे तो सहज सुटत नाही. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पातळ पाण्याने पुसून आंबटपणा काढा आणि तेलाचा हलका हात द्या. लोखंड भिजवलेल्या बाटलीचे झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. क्रोमच्या चामड्यावर ही रीत चालत नाही. त्यामुळे दुकानदाराने दिलेले चामडे खरेच सालीत कमावलेले आहे का, हेही एका तुकड्यावर तपासता येते.

सुट्या पुडीतला, नाव नसलेला रंग स्वस्त असला तरी घेऊ नका. आरोग्याला घातक ठरलेल्या काही ॲझो आणि बेंझिडीन रंगांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली आहे, आणि परदेशी खरेदीदार रंगाची चाचणी मागतात. रंगकाम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करा. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. रंगाचे उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

म्यानासोबत पातेही विकत असाल तर

फक्त म्यान विकणे आणि म्यानासह पाते विकणे यांत फरक आहे. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या वापरासाठी बनवलेल्या सुऱ्या-कोयते शस्त्र नियमांतल्या धारदार शस्त्रांच्या गटात येत नाहीत. पण तलवारी, खंजीर, तसेच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या इतर सुऱ्या, त्यात किरपाण आणि खुकरीही, या गटात धरल्या जातात. अशी पाती विकायची असतील तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. ऑनलाइन ऑर्डर घेताना ही काळजी जास्त घ्या. अनेक कारागीर ग्राहकाकडून पात्याचे कागदावर काढलेले माप घेतात आणि फक्त म्यान पाठवतात. तो मार्ग सोपा आहे.

बाजार कुठे आहे?

२०२५ चा जून महिना चामड्याच्या कारागिरांना बरेच शिकवून गेला. इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमधल्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि टीका झाल्यावर त्या भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या नावावर ते आहे. वस्तूला ओळखीचे नाव होते आणि कारागिरांच्या बाजूने बोलणारी संस्था होती, म्हणून बोलणे करारापर्यंत गेले.

कोल्हापुरीच्या या मानांकनाचा लाभ म्यानाला मिळत नाही. तेच चामडे, त्याच गावात, त्याच हाताने शिवले तरी म्यानावर ‘कोल्हापुरी’ हे मानांकन लावता येणार नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पादत्राणे आणि चर्मोद्योगासाठी २२ लाख रोजगारांचे लक्ष्य ठेवून योजना जाहीर झाली, पण तिचा भर आराखडा, सुटे भाग आणि यंत्रे यांवर, म्हणजे कारखान्यांवर आहे. घरी बसून म्याने शिवणाऱ्याला तिच्यातून थेट काही मिळेल असे धरून चालू नका.

विश्वकर्मा योजनेत विक्रीसाठी मदतीची तरतूद आहे: गुणवत्ता प्रमाणपत्र, जाहिरात आणि जेम या सरकारी खरेदी संकेतस्थळावर नोंद. तरीही म्यानाचा नेहमीचा ग्राहक तुम्हालाच शोधावा लागतो. पाती घडवणारे लोहार, अमृतसर आणि नांदेडसारख्या ठिकाणचे किरपाण विक्रेते, हॉटेलांचे आचारी, माळीकाम आणि जंगलकाम करणारे लोक, सुतार यांच्याकडे धार असते आणि ती झाकायची गरज असते. चार-पाच कारागिरांनी बचत गट किंवा सहकारी संस्था करून एकच खूण वापरली, तर मोठी ऑर्डर घेता येते आणि रंग-शिवणीचा दर्जाही सारखा ठेवता येतो.

महाराष्ट्रातल्या चर्मकार समाजातील वाचकांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या, म्हणजे लिडकॉमच्या, जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी तिथल्या चर्मोद्योग किंवा अनुसूचित जाती विकास महामंडळात विचारावे.

अर्ज करण्यापूर्वी

१. मुख्य काम कोणते, हे खरे ठरवा: पादत्राणे, पाते की चामड्याच्या इतर वस्तू.
२. कुटुंबातून कोणाचे नाव द्यायचे, ते एकत्र बसून ठरवा.
३. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड तयार ठेवा. रेशन कार्ड नसेल तर कुटुंबातील सर्वांचे आधार लागतात.
४. नोंदणी सुरू आहे का, ते आधी विचारा.
५. सहा महिन्यांची विक्री आणि खर्च वहीत लिहा. हप्त्याचा हिशेब त्यावरून करा.
६. तुमच्या हातची दोन चांगली म्याने जवळ ठेवा. पडताळणीला आलेल्या माणसाला तुमचे काम त्यावरूनच लवकर कळेल.
७. अर्जाची पावती आणि क्रमांक जपून ठेवा. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. कारण व्यवसायाच्या नोंदीचे असेल, तर पहचान ओळखपत्राचा मार्ग तुमच्यासाठी मोकळाच आहे.